आईला चालत का उतरवलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच नीट सांगते. आईला श्लेर्नवरून, म्हणजे इटलीतल्या आल्प्समधल्या सपाट माथ्याच्या डोंगरावरून, चालत का उतरवलं, हे मामानं विचारलं, मामीनं त्याच्या हातातला फोन घेऊन पुन्हा विचारलं, इथे म्युनिकमध्ये गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता ओळखीच्या बायकांनी विचारलं. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरल्यापासून तर कुणी उत्तराची वाटही बघत नाही.

ती चढली कशी, हे मात्र कुणी विचारलेलं नाही. झायझर आल्मच्या कुरणांपर्यंत केबल कार आहे. तिथून श्लेर्नहाउस, पठारावरचं आमच्या मुक्कामाचं घर, २४५७ मीटरवर, म्हणजे सहाशे मीटरची चढण, शेवटचा टप्पा वळणावळणाचा आणि छातीवरचा. ती चढली. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी फॉरवर्ड केलात, 'या वयात!' म्हणून. मग चढली ती तिची हिंमत आणि उतरली तो माझा निष्काळजीपणा, हा हिशेब मला मान्य नाही.

'केबल कारनं परत का नाही आलात?' कारण ती पठारावर येतच नाही. हा सगळा भाग १९७४पासून निसर्ग उद्यान आहे, उत्तर इटलीच्या साउथ टिरोल प्रांतातलं पहिलं, आणि २००९पासून डोलोमाइट्स डोंगररांगांबरोबर जागतिक वारशात. वर माणसं न्यायला पाळणा नाही. केबल कार गाठायची तरी आदल्या दिवशीची उभी वळणं उतरायची आणि मग कुरणातून पुन्हा चढायचं. दुसरी वाट घळीतून, पायथ्याच्या फ्योल्स गावच्या तळ्यापर्यंत. तळं १०५६ मीटरवर, म्हणजे चौदाशे मीटर सलग उतार. मी पहिली वाट धरणार होते. दुसरी आईनं निवडली.

ती का, तेही सांगते. रात्री जेवताना शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला सांगितलं की फ्योल्सच्या शेतकऱ्यांची गुरं उन्हाळ्यात याच पठारावर चरतात आणि घळीतल्या वाटेनं वर येतात. त्यांच्या खुरांसाठी तिथे आडवे ओंडके लावलेत. आईनं मला ते मराठीत सांगायला लावलं आणि म्हणाली, "गुरं जात्यात, मग मी न जायला काय झालं?"

तिचं माहेर सडावाघापूरच्या बाजूचं. वर सडा, खाली खोरं. लहानपणी ती गुरांमागं सड्यावर जायची आणि दिवस कलला की त्यांच्यासोबत उतरायची. श्लेर्नचा माथाही सपाट, वाऱ्याचा, गवत तोकडं. पांढऱ्या डोलोमाइट खडकावर तिथे एक पातळ तांबूस थर आहे. तिनं ती माती चिमटीत घेऊन चोळली, पुन्हा पुन्हा चोळली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिला पठार बघायला नेणं आणि उतरायची वाट मात्र माझ्या सोयीची धरणं, हे मला जमलं नसतं.

वरचा टप्पा तिनं मजेत पार केला. झेसलश्वायगच्या गोठ्याजवळ आम्ही ताक प्यायलो. पुढे घळ अरुंद होते, दोन्ही बाजूंना कडे, खाली ओढा, आणि ओढ्यावरून एकाला एक लागून बसवलेल्या ओंडक्यांची वाट. ओलसर, मधेमधे झिजून खोलगट झालेले ओंडके. तिथे तिचा उजवा गुडघा अडला. पाऊल टाकायला गेली आणि "आई गं" म्हणून कठड्याला धरून खाली बसली. पाय सरळ लांब केला, ओढणी ओढ्यात भिजवली आणि गुडघ्यावर गुंडाळली. चेहरा पांढरा पडला होता.

खालून एक जोडपं येत होतं. त्यांनी बाटली दिली आणि हेलिकॉप्टरसाठी ११२ला फोन करू का, असं विचारलं. मी हो म्हणायच्या बेतात होते. आईनं विचारलं, "काय म्हणत्यात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मोडलंय का काय? दुखतंय फकस्त. ते विमान ज्याचं मोडलंय त्याच्यासाठी ऱ्हाऊ दे."

मी चिडले. म्हणाले, आई, तुला काही झालं तर सगळे मला विचारतील. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माझी काळजी हाय का त्यांची?"

याचं उत्तर मी दिलं नाही. त्या जोडप्याचे आभार मानले आणि त्यांना जाऊ दिलं.

मग ती उठली, वळली, आणि माळ्यावरून शिडीनं उतरतात तशी पाठमोरी उतरायला लागली. दोन्ही हात कठड्यावर. मी खाली. तिची उजवी टाच माझ्या तळहातात घ्यायची, पुढच्या ओंडक्यावर टेकवायची, "आलं" म्हणायचं, मग ती वजन सोडायची. तिच्या बुटाच्या तळव्यात लाल माती आणि स्प्रूसच्या सुया घट्ट बसलेल्या मला अजून दिसतात. पाठमोरं उतरताना गुडघ्यावर भार कमी येतो, म्हणून दुखणं कमी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. उतारावर मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीराला ब्रेक लावतो, त्याचा बराच भार गुडघ्याच्या वाटीमागे येतो, हे मी नंतर फिजिओकडून ऐकलं.

ओंडके संपायला दुपार टळली. पुढची जंगलातली वाट तिनं माझ्या दोन्ही काठ्या घेऊन पार केली. इतर लोक चारेक तासांत उतरतात. आम्हाला पूर्ण दिवस लागला. तळ्याकाठी तिनं बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि मला म्हणाली, भूक लागलीय.

आता ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, कूर्चा कित्येक वर्षं झिजत आलीय, एका दिवसात एवढी झिजत नाही. हे वाक्य मी तुम्हा सगळ्यांना ऐकवलंय. पण त्या दिवसानंतर तिचं लंगडणं वाढलं, हेही खरं आहे, आणि ते मी ऐकवत नाही. रात्री कधीकधी माझ्याच आत कुणीतरी भांडतं. आई म्हणाली म्हणून सगळं ऐकायचं? अठ्ठ्याहत्तरची असती तरी ऐकलं असतंस? दोन्ही गुडघे अडले असते तर? तेव्हा मी उलट विचारते, नाही म्हणायचा हक्क मला कुणी दिला? दुखणाऱ्या पायाचं तिला कळत नाही, असं मी कशावरून ठरवायचं? भांडण मिटत नाही. फोन करू द्यायला हवा होता असं एखाद्या दिवशी वाटतं. दुसऱ्या दिवशी आई शेजारणीला तो उतार सांगत असते, हात वर करून कडे किती उंच होते ते दाखवत असते, आणि मला तसं वाटत नाही.

एवढ्या सगळ्यांनी मला विचारलं, तिला एकानंही विचारलेलं नाही. नंबर तुमच्याकडे आहे. ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, तोवर ती पुण्यातच असते. सकाळी व्यायामाला जाते, म्हणून दुपारी फोन करा, आणि मामा, तू आधी कर, कारण सड्यावरून गुरांमागं तीच वाट तूही उतरायचास असं ती सांगते.