फॉरेन की लागत नाही? आधी दोन्ही कॉलमचे टाइप ताडून बघा

फॉरेन की म्हणजे एका टेबलचा (चाइल्ड) कॉलम दुसऱ्या टेबलच्या (पॅरेंट) कॉलमला बांधणारा नियम. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० मध्ये फॉरेन की जोडताना ३७८० नंबरची एरर आली, तर दोन कॉलमचे टाइप जुळत नाहीत एवढं नक्की. ५.७ मध्ये बहुतेक वेळा नुसतं १२१५ दिसतं, कारण कळत नाही. तेव्हा 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' चालवून 'लेटेस्ट फॉरेन की एरर' हा भाग वाचायचा.

सगळ्यात जास्त फसवतं ते अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे न घेणारा टाइप. पॅरेंट टेबलचा आयडी 'इंट अनसाइन्ड' आणि चाइल्डमधला कॉलम नुसता 'इंट'. दोन्ही ४ बाइटचेच, पण पहिला ४२९४९६७२९५ पर्यंत जातो, दुसरा २१४७४८३६४७ ला थांबतो आणि उणे आकडेही घेतो. इनोडीबीला (मायएसक्यूएलमध्ये टेबलं साठवणारं इंजिन) हे चालत नाही. इंट आणि ८ बाइटचा बिगइंट ही जोडीही चालत नाही. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये ५.८ पासून नव्या मायग्रेशनमध्ये (टेबल बनवणाऱ्या फाइलमध्ये) आयडी 'बिगइन्क्रिमेंट्स'ने, म्हणजे अनसाइन्ड बिगइंट, बनतो. चाइल्डमध्ये जुन्या सवयीने 'अनसाइन्डइंटिजर' लिहिलं की हीच एरर. इंट(११) मधला ११ मात्र नुसती दाखवायची रुंदी आहे, तिच्यामागे लागू नका.

अक्षरी कॉलममध्ये लांबी वेगळी चालते, पण कॅरेक्टर सेट आणि कोलेशन (अक्षरं ताडायचे नियम) तंतोतंत तेच हवं. जुनं टेबल 'यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय'वर आणि ८.० मध्ये बनवलेलं नवं '०९००_एआय_सीआय'वर, हा घोळ वरवर बघून दिसत नाही. म्हणून दोन्ही टेबलांवर 'शो क्रिएट टेबल' चालवा आणि ओळी शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

दुरुस्ती शक्यतो चाइल्डमध्ये करा. पॅरेंटच बदलायचा असेल, तर त्याला जोडलेल्या सगळ्या फॉरेन की आधी काढा, दोन्हीकडचे कॉलम बदला, मग की परत लावा. 'मॉडिफाय' लिहिताना 'नॉट नल' आणि 'ऑटो_इन्क्रिमेंट' पुन्हा लिहायलाच हवं. विसरलात तर ते गुपचूप उडतात (प्रायमरी कीवर मात्र 'नॉट नल' टिकतं), आणि 'ऑटो_इन्क्रिमेंट' गेलं की आयडी न देता केलेला पुढचा इन्सर्ट कोसळतो.

टाइप जुळूनही १४५२ आली, तर चाइल्डमध्ये पॅरेंट नसलेल्या ओळी आहेत. लेफ्ट जॉइनने त्या शोधा. 'फॉरेन_की_चेक्स' ही की तपासायची सेटिंग शून्य करून की लावून टाकू नका: ते परत १ केलं तरी आधीच्या ओळी तपासल्या जात नाहीत, म्हणजे चुकीचा डेटा तसाच राहतो.

पोस्टग्रेसमध्ये इंटिजरचा कॉलम बिगइंटकडे बोट दाखवू शकतो. इंटिजर आणि टेक्स्ट मात्र जमत नाही. तिथे चाइल्डमध्ये 'सिरियल' लिहू नका, 'इंटिजर' लिहा, नाहीतर त्या कॉलमला नको असलेला सीक्वेन्स (आपोआप पुढचा आकडा देणारा) चिकटतो आणि व्हॅल्यू द्यायची राहिली तर एरर न येता भलताच आकडा बसू शकतो. एसक्यूएल सर्व्हर सर्वांत कडक: व्हारकॅर(२०) आणि व्हारकॅर(३०) एवढ्या फरकावरही १७५३ ही एरर देतो. एसक्यूलाइट की बनवताना टाइप तपासतच नाही, आणि 'प्रॅग्मा फॉरेन_कीज' प्रत्येक कनेक्शनवर चालू केल्याशिवाय सहसा कीसुद्धा पाळत नाही.