भोंग्यावरचा मजकूर

२०२१च्या जुलैत कृष्णा चढत होती तेव्हा सांगलीत पूरकक्षात रिक्षांच्या भोंग्यासाठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं. वरून आलेला मसुदा असा: 'विसर्ग वाढविल्याने नदीच्या पातळीत वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सखल भागातील नागरिकांनी घरात थांबू नये.' व्याकरणात खोट नाही, कागदावर खपलाही असता.

रिक्षावाल्या मामांनी वाचला आणि म्हणाले, "मॅडम, गाडी काय थांबत नसती. 'थांबू' ह्या गल्लीत ऐकू येणार, 'नये' पुढच्या गल्लीत."

खरंच होतं. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला येतो आणि भोंग्याचं शेपूटच पावसात विरतं. 'घरात थांबू' एवढंच ऐकून कुणी बसून राहिलं तर? मी सगळे नकार काढले. 'थांबू नये'च्या जागी 'बाहेर पडा'.

मसुद्यात पुढे असलेले विसर्गाचे, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचे, आकडेही गेले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. कोयना धरणातून किती हजार क्युसेक सुटले यावरून दारातलं पाणी कुणाला कळणार? सांगलीकर पूर मोजतो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांत. ४० इशारा, ४५ धोका, २०१९ला ५७च्या वर. हे शेंबड्या पोरालाही पाठ. 'सखल भाग'सुद्धा गेला, कारण आपलं घर सखल आहे असं कुणालाच वाटत नसतं. त्याऐवजी नावं: सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर. ज्या वस्तीत रिक्षा, तिचंच नाव दर वाक्याच्या तोंडाला.

मी सुरुवातीला 'पाणी घरात येतंय' असंही लिहिलं, तसे साहेब बिथरले. असं म्हटलं की घबराट होईल, म्हणाले. त्यात तथ्य होतं. कुणाच्या घरात कधी शिरेल हे आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? मग मोजलेलं तेवढंच ठेवलं: 'दत्तनगर. आयर्विनला आत्ता इतके फूट. वाढतंय. दत्तनगर, सामान घ्या, शाळेत चला.' 'कृपया' मात्र त्यांनी घालायला लावलंच. सरकारी कागदाला त्याशिवाय झोप लागत नाही.

तोवर फोनवर एकच प्रश्न यायचा, "हे आमच्यासाठी हाय का?" रिक्षा फिरल्या आणि प्रश्न बदलले. कुठली शाळा, अंथरूण आणायचं का. एका काकांनी विचारलं, "म्हशी कुठं बांधायच्या?"

ते मजकुरात नव्हतंच. साहेबांनी दोन-चार फोन करून जागा ठरवली, आणि पुढच्या फेरीला ओळ वाढली: 'जनावरं शाळेच्या मैदानात आणा.'