लिहून कोण घ्यायचं?

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला आम्हाला जेमतेम तीन तास मिळतात. साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने द्यावीच लागते. टूर मॅनेजरचा निम्मा दिवस त्या हिशोबात जातो. त्या दिवशी मात्र जुन्या टाउन हॉलखालच्या तुरुंगाचं बुकिंग मिळालं.

ग्रुपला बघायची होती आयर्न मेडन. आमचे सीनियर वर्षानुवर्षं ती गोष्ट बसमध्ये रंगवून सांगतात: बाईच्या आकाराची पेटी, आतून खिळे, माणूस आत घालून दार बंद. मीही दोन वर्षं तेच सांगत होते, त्याची आज लाज वाटते. मध्ययुगात ती वापरल्याचा पुरावाच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस झीबेनकेस नावाच्या लेखकाने ही कथा लिहिली, पेट्या त्यानंतर बनल्या. इथली प्रसिद्ध पेटी दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली.

खाली आहेत बारा कोंदट कोठड्या आणि छळाची खोली. छत कमानीचं, म्हणून तिला 'चॅपेल' म्हणत. हात पाठीमागे बांधून दोराने वर ओढायचे, पायांना दगड. १५३२च्या कॅरोलिना या फौजदारी कायद्याप्रमाणे मृत्युदंडाला दोन प्रत्यक्ष साक्षीदार हवेत, नाहीतर कबुली. साक्षीदार कुठून आणणार? मग कबुली काढायची, नंतर छळाशिवाय पुन्हा वदवून घ्यायची. फिरला, तर परत दोर. इथला जल्लाद फ्रान्झ श्मिट १५७८ ते १६१७ हेच काम करत होता, रोजनिशी लिहीत होता आणि लोकांवर औषधोपचारही करत होता.

मी हे सांगत असताना ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं, "ताई, लिहून कोण घ्यायचं?" काका जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले.

"कोर्टाचा लेखनिक. तिथेच बसायचा."

काका काही बोलले नाहीत. वर आल्यावर त्यांनी जेवणाचं पाकीट उघडलंच नाही. त्यांच्या शेजारची मंडळी फ्रिज मॅग्नेटचे भाव विचारत होती. एवढं बघून आल्यावर लगेच खरेदी कशी सुचते, मला खरंच कळत नाही.

संध्याकाळी फीडबॅक फॉर्म आले. तिघांनी लिहिलं होतं, खिळ्यांची पेटी दाखवली नाही. काकांनी फॉर्म दिला नाही. हॉटेलच्या लिफ्टपाशी थांबून त्यांनी विचारलं, "ओरडणंही लिहायचे का हो?"

इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयांच्या, कागदांत तेही शब्दशः सापडतं, असं मी सांगितलं. तेवढं ऐकून ते जिन्याने वर गेले.