शिवाजी गणेशन मराठी होते का?

चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाची या प्रश्नातून सुटका नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की जेवणं उरकल्यावर कुणीतरी विचारतंच, "काय हो, तो शिवाजी गणेशन मूळचा आपलाच ना?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नाही. आपला तो रजनीकांत, जन्मनाव शिवाजीराव गायकवाड. त्याला पडद्यासाठी दुसरं नाव घ्यावं लागलं, कारण तमिळ सिनेमात एक शिवाजी आधीच ठाण मांडून बसला होता. आणि तो होता विळुप्पुरम चिन्नय्या गणेशन, जन्म १९२८, अस्सल तमिळ.

त्याला नाव मिळालं ते नाटकातून. पुढे मुख्यमंत्री झालेल्या अण्णादुराईंनी 'शिवाजी कंड हिंदू राज्यम' लिहिलं होतं. आपल्या डोळ्यांपुढे लगेच अफजलखान आणि आग्रा येतात. पण या नाटकाचा सगळा रोख राज्याभिषेकाच्या वादावर: तलवारीच्या जोरावर राज्य उभं करणाऱ्याला क्षत्रिय ठरवणारे तुम्ही कोण? गागाभट्ट खुद्द अण्णादुराई करत. शिवाजी आधी एम. जी. रामचंद्रन करणार होते. ते मागे सरले आणि काम गणेशनकडे आलं. प्रयोग पाहून द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी या पोराला 'शिवाजी' म्हणून टाकलं. हो, तेच पेरियार, देवाधर्मावर आसूड ओढणारे! इथे कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. त्यांना महाराजांमध्ये भटशाहीला पुरून उरलेला राजा दिसत होता.

गणेशन तोवर मुरलेला नट होता. घर सोडून लहानपणीच तो बॉईज कंपनीत, म्हणजे पोरांच्या नाटक कंपनीत शिरला. या कंपन्यांत सगळी पोरंच, त्यामुळे बायकांची कामंही त्यांच्याच वाट्याला. गणेशनही सीता झाला. आपल्याकडे बालगंधर्व पाहिलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. पुढे शक्ती नाटक सभेत तो नूरजहान करायचा. ती नूरजहान निर्माते पी. ए. पेरुमाळ यांच्या मनात भरली, आणि 'पराशक्ती'चा नायक म्हणून त्यांनी यालाच उचललं. पगार महिना अडीचशे रुपये.

चित्रीकरण सुरू झालं आणि भागीदार ए. व्ही. मेय्यप्पन यांचं डोकं फिरलं. नायक फारच किडकिडीत! दोनेक हजार फूट फिल्म खर्ची पडली होती, तरी त्यांना के. आर. रामस्वामी हवे होते. पेरुमाळ हटले नाहीत. शेवटी मेय्यप्पनही वळले, पण न आवडलेले सुरुवातीचे प्रसंग पुन्हा चित्रित केले गेले. माझ्या मते तमिळ सिनेमाचं पुढचं अर्धं शतक पेरुमाळांच्या या हट्टावर उभं आहे.

'पराशक्ती' १७ ऑक्टोबर १९५२ ला, ऐन दिवाळीत लागला. संवाद करुणानिधींचे. कोर्टातलं गुणशेखरनचं, म्हणजे गणेशनने केलेल्या नायकाचं भाषण ऐका: शब्दांवर शब्द आदळतात, आवाज चढत जातो, मध्येच खाली येतो, पुन्हा उसळतो. गणेशनवर अतिअभिनयाचा शिक्का मारणारे इथेही मान हलवतील. मला त्यात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेला कंपनीतला पोरगा दिसतो. त्यानंतर कित्येक वर्षं सिनेमात नशीब काढायला येणारी तमिळ पोरं चाचणीला हेच भाषण पाठ करून येत.