रोजच्यापुरतं पीठ : आमच्या गुऱ्हाळाची वाटचाल

आमचा गूळ गडद तपकिरी असतो. पहिल्यांदा मागवणारे बहुतेक जण ढेप उघडल्यावर फोन करतात, "ताई, जुना माल पाठवला का?" माल ताजाच असतो. उसाच्या रसात रंग उजळायला हायड्रॉस ही रासायनिक पावडर टाकली नाही की गूळ असाच उतरतो. या रंगापायी आम्ही काय सोसलं आणि त्या सगळ्या काळात देवाने आम्हाला कसं सांभाळलं, हे लिहून ठेवावं असं माझ्या मुलीने सुचवलं. म्हणून ही वाटचाल.

आमचं गाव दौंड तालुक्यातल्या केडगावच्या शेजारी. पुणे-सोलापूर रेल्वेलाईन, मुठा उजव्या कालव्याचं पाणी, चहूकडे ऊस आणि उसाच्या मधे मधे गुऱ्हाळांची धुराडी. केडगावची गुळाची बाजारपेठ लांबवर माहीत आहे. आमचे मिस्टर दुसऱ्याचं गुऱ्हाळ भाड्याने घेऊन चालवायचे. पुढे घरच्या अडीच एकरांच्या कडेला त्यांनी स्वतःचं चुलाण बांधलं, क्रशर बसवला, रस उकळायची काहील आणली. त्यासाठी कर्ज काढलं. आणि मग त्यांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं.

पुण्याला डायलिसिससाठी येरझाऱ्या सुरू झाल्या. आम्ही ख्रिस्ती. आमच्या चर्चच्या मंडळीने उपवास-प्रार्थना केल्या, पाळकसाहेब घरी येऊन रात्र रात्र बसले. मी मागणं मागितलं ते एकच, यांना बरं कर. 2016 साली ते गेले. देवाने तसं का होऊ दिलं, याचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही, आणि कोणी घाईघाईने ते द्यायला लागलं तर मला ते ऐकवत नाही. साक्ष सांगताना लोक हा भाग पटकन ओलांडून पुढे जातात. मी ओलांडणार नाही, कारण माझा विश्वास इथूनच पुढे चालला आहे. प्रार्थना ऐकली गेली म्हणून मी देवाला धरलं असं झालं नाही. धरायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा धरलं, आणि त्याने हात सोडला नाही.

दशक्रियेचा प्रश्न आमच्यात नसतो, पण भेटायला येणारे येत होते. प्रत्येकाचा सल्ला एकच होता: गुऱ्हाळ ठेकेदाराला देऊन टाक, नाहीतर जमीन काढ. भाऊजींनीही तेच सुचवलं, माझ्या काळजीपोटीच. बाईने रात्रभर काहिलीपाशी उभं राहायचं हे आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधला सारफथच्या विधवेचा प्रसंग घेतला. दुष्काळ पडलेला, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत जरासं तेल. ते खाऊन पोरासह मरायचं असं तिने ठरवलेलं. एलीया संदेष्टा तिला म्हणतो, आधी मला भाकर करून दे. तिने दिली, आणि पाऊस पडेपर्यंत पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की मडकं भरून वाहायला लागलं असं त्यात कुठेही नाही. ते फक्त सरलं नाही. रोज सकाळी तिला तळाशी तेवढंच पीठ दिसत असणार, आणि रोज तिने त्यात हात घातला असणार.

मी गुऱ्हाळ ठेवायचं ठरवलं.

आम्ही केडगावच्या परिसरातले, त्यामुळे पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या घरात आजीच्या नावासारखं घेतलं जातं. रमाबाई 1882 मध्ये विधवा झाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा मांडीवर होती. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. अमेरिकेतल्या त्यांच्या हितचिंतकांनी 10 वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून बाईंनी केडगावला माळरान घेतलं, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, म्हणजे पुढे संस्थेला स्वतःचं उत्पन्न राहील. झाडं मोठी व्हायच्या आधीच 1896-97 चा दुष्काळ पडला आणि बाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. सुमारे 300. राहायला घरं तयार नव्हती. तरी आणल्या. पुढे केडगावच्या या त्यांच्या संस्थेत, मुक्ती मिशनमध्ये, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना असे उद्योग उभे राहिले आणि मुलींनीच ते चालवले. देवावर भरवसा ठेवणाऱ्या बाईंच्या जिभेवर प्रार्थना होती आणि हाताखाली विहिरीचं खोदकाम चालू होतं. हे दोन्ही एकत्र असतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. नुसतं डोळे मिटून "देव बघेल" म्हणणं मला कधी पटलं नाही.

पहिला निर्णय हायड्रॉस बंद करण्याचा. मिस्टरांच्या आजारपणात पोटात काय जातं याचा विचार करायची सवय लागली होती, आणि जे मी माझ्या मुलीला देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलीला विकायचं नाही, असं मी देवासमोर बोलले होते. आमचे गुळवे मामा या कामात मुरलेले. ते म्हणाले, "वहिनी, गूळ चांगला होईल, पण पट्टी पडेल." तसंच झालं. बाजारात पिवळाधमक माल वरच्या भावाला जायचा आणि आमच्या ढेपा शेवटी, पडत्या भावाने. हजार किलो उसातून साधारण 100 ते 120 किलो गूळ निघतो. ऊस, तोडणी, मजुरी वजा केली की हातात फार राहत नव्हतं, आणि त्यातच बँकेचा हप्ता.

पण काम मात्र मी मन लावून शिकले. रस काहिलीत पडला की तापवत न्यायचा, सामू, म्हणजे रसाचा आंबटपणा, जमवायला बेताने चुन्याची निवळी घालायची, मग भेंडीची झाडं ठेचून भिजवलेलं चिकट पाणी. त्याने मळी वर येते. ती झाऱ्याने जितकी निगुतीने काढाल तितका गूळ स्वच्छ. इथे कंटाळा केला की पुढे कोणतीच पावडर लागणार नाही असा गूळ होणं शक्यच नाही. नंतर जाळ वाढवायचा, रस उतू यायला लागला की शेंगदाण्याचं तेल थोडंसं सोडायचं. 105-106 अंशांच्या आसपास काकवी काढता येते. गुळासाठी 118 पर्यंत न्यावं लागतं. आता आमच्याकडे तापमापक आहे, पण मामा अजून थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतात आणि त्यांचं बरोबर निघतं. काहील उतरवून वाफ्यात ओतेपर्यंत कोणी बोलत नाही. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपट, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही.

दुसरा निर्णय रविवारचा. रविवारी गुऱ्हाळ बंद. यावर घरातही वाद झाले. गुऱ्हाळ म्हणजे दुकान नव्हे की शटर ओढलं. चुलाण एकदा तापलं की चालू ठेवण्यात जळण वाचतं, थंड केलं तर परत पेटवायला चिपाड जास्त लागतं. तोडलेला ऊस 24 तासांत गाळला नाही तर साखर मोडते आणि गूळ चिकट होतो, म्हणून शनिवारची तोड नेमकीच करावी लागते. चुलाणाला जाळ घालणारी उत्तर प्रदेशातली माणसं म्हणाली की रोज बुडेल. त्यांना मी सुट्टीचीही मजुरी देईन असं सांगितलं. तेव्हा तेवढे पैसे नव्हते, पुढच्या आठवड्याच्या विक्रीतून द्यायचे होते. दिले. एकाही आठवड्याला मागे राहिले नाहीत. आणि माणसं टिकली, जे आमच्या भागात सोपं नाही.

2018 च्या उन्हाळ्यापुढे पाऊस रुसला, कालव्याची आवर्तनं लांबली, ऊस कांड्यात आखूड राहिला. त्या वर्षाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांचंच तसं होतं.

मार्च 2020 मात्र विसरणार नाही. 25 तारखेपासून टाळेबंदी. बाजार कधी चालू, कधी बंद, माणसांना गावाकडे जायची ओढ लागलेली, आणि शेतात तोडीला आलेला ऊस. कामगारांपैकी दोघं राहिले, बाकीचे मिळेल तसे गेले. मी सासूबाईंना म्हटलं, आता बंद करावं लागेल. त्या फारशा बोलणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, "उद्याचा ऊस उद्या बघ. आजची काहील चढव." शेजारच्या वस्तीवरच्या बायका, ज्यांची खुरपणीची कामं थांबली होती, त्या आल्या. मोळ्या वाहायला, मळी काढायला, ढेपा बांधायला. मामांनी त्यांना हाताला धरून शिकवलं.

माल तयार झाला, विकायचा कुठे? मंडळीतल्या एका ताईंची मुलगी पुण्यात हडपसरच्या सोसायटीत राहते. तिने सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या गुळाचा फोटो टाकला, रंग का काळा आहे ते लिहिलं. भाजीच्या गाड्यांना परवानगी होती, त्यांच्यासोबत गूळ जाऊ लागला. एका सोसायटीतून दुसरीत. ज्या रंगाने बाजारात आमचा भाव पाडला होता, त्याच रंगासाठी लोक आता मागणी नोंदवत होते. एवढ्या सगळ्यात आम्ही श्रीमंत झालो नाही. हप्ता गेला, मजुरी गेली, मुलीची फी गेली. मडक्याच्या तळाशी पुन्हा तेवढंच पीठ. पण होतं.

त्याच वर्षी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान. बाकीचं बँकेचं कर्ज आणि किमान 10 टक्के स्वतःचे. एका बँकेने "गुऱ्हाळाला कर्ज देत नाही" म्हणून फाईल परत केली. दुसरीकडे शाखेतल्या बाईंनी वही मागितली. मी पहिल्या दिवसापासून वहीत रोजचा ऊस, उतारा, जळण, मजुरी, विक्री लिहिलेली आहे. ती पाहून त्यांनी फाईल पुढे पाठवली. स्वतःचे 10 टक्के उभे करायचे होते. पुण्यातल्या गिऱ्हाइकांना मी कळवलं की पुढच्या हंगामाच्या गुळाचे पैसे आता भरलेत तर काहील घेता येईल. मागताना संकोच वाटला. त्यांनी भरले, आणि काहींनी तर पावती मागायच्या आधी.

आज स्टीलची काहील आहे, पॅकिंगची वेगळी खोली आहे, अन्न परवाना आहे. टाळेबंदीत आलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी अजून आहेत आणि त्यांच्यातली एक आता गोळी बघते. देवाचा दशांश पहिल्यापासून बाजूला काढतो, विक्री कमी झाली त्या महिन्यांतही. रविवारी चुलाण थंडच असतं.

मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकते आहे. तिचं म्हणणं, ढेपेपेक्षा पावडरला शहरात मागणी आहे आणि पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं ती अडचणही कमी होईल. यंत्राची माहिती काढली, हिशोब वहीत मांडला. हिशोबाप्रमाणे थोडे पैसे कमी पडतात. आम्ही दोघींनी प्रार्थना केली आणि गेल्या आठवड्यात आगाऊ रक्कम भरून यंत्र नोंदवलं. दिवाळीनंतर तोड सुरू होईल तोवर ते यावं असं ठरलं आहे. शेडचा कोबा या महिन्यात करून घ्यायचा आहे.