पाचशेच्या पुढचं शून्य

प्रथम पुण्यस्मरणाची पुस्तिका छापायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोनच गोष्टी घेऊन येतं, मोबाइलमधले फोटो आणि घाई. या बहीण-भावांनी पत्र्याची ट्रंक आणली. त्यांची आई तीसेक वर्षं नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या पोटगीचं काम करायची. सगळा तालुका तिला ताई म्हणे. ट्रंकेत तिच्या डायऱ्या, कात्रणं आणि एक अल्बम. डेमी साइज, 48 पानं म्हणजे 16 पानी तीन फर्मे (एका कागदावर छापून दुमडलेला पानांचा संच म्हणजे फर्मा), मध्ये पिन, 500 प्रती असं ठरलं. हातात बारा दिवस.

अल्बम चिकट पानांचा होता. त्यातला फोटो कधी खेचायचा नाही, मागचा थर पानालाच राहतो. ताणून धरलेला बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवायचा; तेवढ्याने सुटला नाही तर अख्खं पान स्कॅन करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो बारीक होऊन येतात, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवले. लेखांचं दुखणं वेगळं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ते नजरेनंच वेचावं लागतं. आणि निम्म्याहून जास्त लेखांची सुरुवात ‘ताई म्हणजे मायेचा सागर’. त्यावर आमच्याकडे औषध नाही.

मुलीला आईच्या हस्ताक्षरातलं एक पान हवंच होतं. तिनं 1994च्या डायरीतलं निवडलं. शाईपेनानं आखलेले रकाने: नाव-गाव, केस नंबर, दरमहा रक्कम, थकबाकी कधीपासून, आणि शेवटी एक तारीख, लाल गोलात. शेजारच्या पानावर तोच तक्ता टाइप करून द्यायचा होता. रकमा 150, 200, एखादी 500. ऑपरेटर पंचविशीतला. त्याला वाटलं, बाईंनी घाईत शून्य गाळलंय. त्यानं सगळीकडे एकेक शून्य वाढवलं. दोन प्रुफं तशीच गेली. मुलीनंही सही केली. पाचशेत महिना कोण काढेल, असं तिलाही वाटलं असणार.

शेवटचं प्रूफ आधीच्या प्रुफाशी नाही, मुळाशी ताडायचं असतं. ते ताडताना 5,000 दिसलं आणि मी काम थांबवलं. 1994 सालात दंडाधिकाऱ्याला पोटगीच्या कलमाखाली एवढी रक्कम देताच आली नसती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये बायकोला जास्तीत जास्त दरमहा 500 रुपयांची मर्यादा होती. ती 2001च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे ताईंच्या तक्त्यातला 500 हा आकडा चुकलेला नव्हता, तो पूर्ण जिंकलेला दावा होता. शून्य वाढवून आम्ही तिची सगळ्यात मोठी जीत पुसली होती.

मग लाल गोलांकडे लक्ष गेलं. मुलांना वाटत होतं त्या कोर्टाच्या तारखा. पण एकही गोल थकबाकीच्या पहिल्या महिन्यापासून वर्षाच्या पुढे गेलेला नव्हता; प्रत्येक गोल साधारण महिनाभर आधीचा. कारण थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वर्ष उलटलं की त्या महिन्याचे पैसे या वाटेनं मिळत नाहीत. एका ओळीत दरमहा 200, थकबाकी जून 1993 पासून, गोल 2 मे 1994 वर. बारा हप्ते, 2,400 रुपये. एक महिना झोप लागली असती तर 200 गेले असते. अशा 31 ओळी, म्हणजे 31 बायकांचं कॅलेंडर ती एका पानावर चालवत होती.

आता पान जसंच्या तसं छापता येईना. त्यातल्या बायका आज कुणाच्या तरी सासू आहेत. पुस्तिका त्याच गावांत वाटली जाणार. नुसतं नाव झाकून भागत नाही. गाव राहिलं तर लोक ओळखतात, केस नंबर राहिला तर नाव शोधता येतं. तिन्ही झाकायचे. पीडीएफवर काळी पट्टी ठेवून गप्प बसणारे पुष्कळ; ती पट्टी सरकवली की खाली नाव तसंच असतं. चित्रातच काळा रंग भरायचा, सगळे थर एक करायचे, नवी फाइल करून तीच लावायची. स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवला, नाहीतर मागच्या बाजूची शाई पुढे उमटते आणि त्यातही नावं असतात. ती आम्हाला पहिल्या स्कॅनमध्ये चक्क वाचता आली.

राहिले रकमा, महिने आणि लाल गोल.

मुलगी म्हणाली, “हे नुसतं छापून कुणाला कळणार नाही, दादा. खाली लिहा.” खाली लिहायला गेलो तर कलम, मर्यादा, एक वर्षाचा हिशोब असं करत दोन पानं झाली. 48ची 50 होत नाहीत; पिनच्या पुस्तिकेत पानं चाराच्या पटीतच वाढतात, आणि चार वाढवली तर वेगळा तुकडा फर्मा निघून खर्च चढतो. दोन पानं कुठून तरी काढायची होती. मुलानं अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं. पान 6 आणि 7, मान्यवरांचे शोकसंदेश, फोटोसकट.

“हे काढा,” तो म्हणाला. “फोन आले तर मी बघतो.”