पानाला मुळं फुटली म्हणजे रोप झालं असं नाही

मनी प्लांटचं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर देठाला मुळं येतात, पान कितीतरी महिने हिरवंगार राहतं आणि गाडी तिथंच अडते. नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून फुटतो, पानात तो नसतोच. त्यामुळे मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन यांची पेरासकट कांडी लावा. पानापासून अख्खं रोप देणारी घरातली झाडं मोजकीच: स्नेक प्लांट, झीझी, रेक्स बिगोनिया, आफ्रिकन व्हायोलेट, पेपेरोमिया, जेड. पानफुटीला तर हातही लावावा लागत नाही.

सुरुवात स्नेक प्लांटपासून करावी. निरोगी, पूर्ण वाढलेलं पान स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने मातीलगत कापा आणि त्याचे 7-8 सेंमीचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची खालची कड तिरकी कापून ठेवा, कारण नंतर वर-खाली ओळखू येत नाही. मुळं फोडणारं संजीवक, ऑक्झिन, पानाच्या बुडाकडे वाहतं. उलटा खोचलेला तुकडा रुजत नाही.

तुकडे 2-3 दिवस सावलीत वाळू द्या. काप कोरडा, खपलीसारखा झाला पाहिजे. ही पायरी गाळली की कूज ठरलेली. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी जाडसर धुतलेली वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) घ्या. विटेच्या आकारात मिळणारं कोकोपीट दोन-तीनदा पाण्यातून काढून पिळा, त्यात क्षार असतात. गांडूळखत आत्ता नको. तुकडे 2-3 सेंमी खोल खोचा, एकदा पाणी द्या आणि पुढे वरचा थर कोरडा झाल्याशिवाय देऊ नका. कुंडी उजेडात हवी, कडक उन्हात नको.

मुळांना महिना-दोन महिने, पिल्लांना, म्हणजे मातीतून येणाऱ्या नव्या कोंबांना, तीन-चार किंवा जास्तही लागतात. उपटून बघू नका. हलकेच ओढल्यावर तुकडा अडला तर मुळं धरलीत. बुड तपकिरी आणि मऊ पडलं, तर कुजका भाग वरपर्यंत कापून पुन्हा वाळवा. कोकणातल्या पावसाळ्यात काप वाळतच नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्च बरा.

पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान लावलं, तर पिल्लू साधं हिरवं निघतं. कडेच्या आणि आतल्या पेशी जनुकीयदृष्ट्या वेगळ्या असतात आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून येतो. नर्सरीवाल्याने फसवलं असं त्यात काही नाही. कड हवीच असेल तर मुळांसकट फुटवा वेगळा करा.

रेक्स बिगोनियाची रीत उलटी. पान मागच्या बाजूने जाड शिरांवर चिरा, ओल्या मिश्रणावर पालथं न घालता सरळ पसरा, केसांच्या पिनांनी दाबा आणि वरून पारदर्शक पिशवी बांधा. हे वाळलं की संपलं.

झीझीचं पान देठाकडून सेंटिमीटरभर खोचायचं. ते आधी मातीखाली बटाट्यासारखा गड्डा करतं, कोंबाला सहा महिने किंवा वर्षही लागतं. मधेच पान वाळून गेलं तरी कुंडी रिकामी करू नका. गड्डा बोटांना टणक लागला तर तो जिवंत आहे.